पन्नाशीची एमजीबी की पस्तिशीची माझदा?

लंडनमध्ये १९७२ सालची एमजीबी घेऊन कुठल्याही रस्त्यावर जा, प्रदूषणापोटी एक पेनीही भरावी लागत नाही. तिच्याहून तेवीस वर्षांनी लहान, फ्युएल इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली १९९५ची माझदा एमएक्स-५ बाहेर काढलीत, तर त्या दिवसाचे साडेबारा पौंड मोजावे लागतात. धूर एमजीबीचाच जास्त, यात शंका नाही. पण नियम असा आहे की पेट्रोल गाडी युरो-४ निकषात बसली पाहिजे, म्हणजे ढोबळमानाने २००६ नंतरची हवी. चाळीस वर्षं उलटून ‘ऐतिहासिक’ गटात नोंदलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. २९ ऑगस्ट २०२३पासून ही आकारणी संपूर्ण लंडनला लागू झाली. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ता कर नाही आणि तिच्यात मोठे बदल केलेले नसतील, तर वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. माझदाला हे सगळं मिळायला अजून काही वर्षं आहेत.

गाडी जितकी जुनी तितकी सांभाळायला कटकटीची, हा आपला नेहमीचा ठोकताळा. रोजच्या वापराच्या गाडीला तो लागूही पडतो. पण हौसेसाठी दोन जुन्या स्पोर्ट्स गाड्यांतून एक निवडायची वेळ आली की त्याच ठोकताळ्याने माणूस फसतो. माझं म्हणणं असं आहे की गाडीचं सर्वांत अवघड वय म्हातारपण नव्हे, ते तीस ते चाळीसच्या दरम्यानचं असतं. कंपनीचं लक्ष तिच्यावरून उडालेलं असतं, कायद्याने अजून जवळ केलेलं नसतं, आणि तिच्यातले प्लास्टिकचे आणि इलेक्ट्रॉनिक भाग गल्लीतल्या गॅरेजात घडवता येत नाहीत. असं असूनही ती मधल्या वयाची गाडी चालवायला कितीतरी सरस असू शकते. निवड खरी इथेच अडते.

यासाठी मी मुद्दाम ही जोडी घेतली आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद देणारी हलकी गाडी, म्हणजे रोडस्टर. या प्रकारातली गेल्या शतकातली ही दोन मोठी नावं. दोन्ही लाखांनी खपल्या, म्हणून दोन्ही आजही सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आहेत. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला असली गाडी घ्यावीशी वाटली, तर त्याच्यासमोर बहुधा याच दोघी उभ्या राहतील.

एमजीबी १९६२मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन कारखान्यातून बाहेर पडली. आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीत पत्र्याची अख्खी पेटीच गाडीचा सांगाडा झाली. त्यामुळे गाडी आखूड असूनही आत जागा वाढली आणि वजन ९००-९५० किलोंच्या घरात राहिलं. इंजिन १७९८ सीसीचं, दोन एसयू कार्बोरेटरचं, ९५ अश्वशक्तीचं. वेग ताशी १६० किलोमीटरच्या किंचित वर.

हे इंजिन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी-सीरिज’ घराण्यातलं ते आहे, त्याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन एमजीएमध्ये होतं आणि तेच वर्षानुवर्षं आपल्या हिंदुस्तान अँबॅसिडरमध्येही होतं. अँबॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजी म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’. दोन्हींचं मूळ विल्यम मॉरिसच्या त्याच ऑक्सफर्डमध्ये. सरकारी अँबॅसिडरच्या बॉनेटखाली उमेदीची वर्षं घालवलेल्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडून दिलं, तर टॅपेट कुठे, डिस्ट्रिब्युटर कुठे आणि पुशरॉड कसे बसतात, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही. ओतीव लोखंडाचं हे इंजिन दणकट, सोसणारं आणि चूक झाली तर आधी कुरकुरून सांगणारं आहे.

एमजीबी अठरा वर्षं निघत राहिली, पण सगळी वर्षं सारखी नाहीत. १९६४पर्यंतच्या इंजिनात क्रँकला तीन बेअरिंग होते, नंतर पाच झाले. १९६७च्या अखेरीस आलेल्या ‘मार्क टू’मध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश मिळाला, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि विजेची जोडणी उलटून निगेटिव्ह अर्थची झाली. १९७४च्या शेवटी मात्र अमेरिकेच्या नियमांनी तिचं रूपच पालटलं. क्रोमचे नाजूक बंपर जाऊन काळ्या रबरी आवरणाचे जाडजूड बंपर आले, आणि ते ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून सगळी गाडीच सुमारे चार सेंटिमीटर वर उचलली गेली. हलक्या, खाली बसलेल्या गाडीला चार सेंटिमीटर फार होतात; वळणावर ती झुकू लागली. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना तर एकच कार्बोरेटर उरला आणि त्यांची ताकद साठ-पासष्ट अश्वशक्तीपर्यंत उतरली. ऑक्टोबर १९८०मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोवर पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या होत्या. ट्रायम्फची स्पिटफायर त्याच वर्षी थांबली. आता स्वस्त, उघड्या स्पोर्ट्स गाड्यांचे दिवस संपले, असं तेव्हा सगळे धरून चालले.

ते खोटं ठरवलं हिरोशिमाच्या एका कंपनीने. आपल्याकडे माझदा हे नाव पोहोचलं ते ‘स्वराज माझदा’च्या ट्रक आणि मिनीबसवरून. त्याच माझदाच्या केनिची यामामोतोंना १९७९च्या सुमारास बॉब हॉल नावाचा अमेरिकन मोटार-पत्रकार भेटला. पुढे कसली गाडी करावी, असा विषय निघाला तेव्हा हॉलने इंग्रजी वळणाची साधी, हलकी, उघडी गाडी सुचवली. तशी गाडी इंग्रजांना नीट टिकवता आलेली नव्हती. हॉल पुढे माझदाच्याच कॅलिफोर्नियातल्या कचेरीत रुजू झाला. कंपनीत तोकियो आणि कॅलिफोर्निया अशा दोन गटांची चढाओढ लागली आणि कॅलिफोर्नियाचा आराखडा निवडला गेला. त्यावरून चालती पहिली प्रतिकृती बनवून घेतली ती इंग्लंडमधल्या वर्दिंग गावच्या आयएडी या संस्थेकडून. १९८५मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून लोक कसे वळून बघतात, ते पाहिलं गेलं. तोशिहिको हिराई यांनी प्रकल्प पुढे तडीस नेला आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर आणि युरोपात एमएक्स-५.

१५९७ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, दोन कॅमशाफ्टचं इंजिन, सुमारे ११५ अश्वशक्ती आणि वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. आकडे एमजीबीपेक्षा फार वेगळे नाहीत. वेगळेपण आहे ते आकड्यांच्या पलीकडे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जोडली आहे. पाय दाबताक्षणी ताकद मध्ये कुठेही न हिसकता मागच्या चाकांपर्यंत जाते ती तिच्यामुळे. बॅटरीही डिक्कीत नेली, म्हणजे पुढचं वजन तेवढंच कमी झालं. १९९३मध्ये १.८ लिटरचं इंजिन आलं. उघडमीट करणारे हेडलाइट १९९७पर्यंत, म्हणजे पहिली पिढी संपेपर्यंत राहिले. या पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या आणि २०१६मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांचा आकडा गाठला गेला. इतकी खपलेली रोडस्टर दुसरी नाही.

आता चालवण्याचं बघू. थंड सकाळी एमजीबी सुरू करायची तर आधी चोक ओढायचा. किल्ली फिरवली की मागून एसयूच्या पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते. कार्बोरेटर भरले की ती मंदावते, मग स्टार्टर मारायचा. स्टिअरिंग गाडी उभी असताना जड, चालू लागली की बोलकं. मागे पाटे आहेत आणि शॉकअब्जॉर्बर जुन्या लिव्हर पद्धतीचे, त्यामुळे खडबडीत वळणावर मागची बाजू थोडी बाजूला सरकते. तिला धसमुसळेपणा खपत नाही. वळणाआधी वेग उतरवा, गिअर पाडा, मग हळूच ताकद द्या, की ती रेषेत राहते. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरला तीत भरपूर काही घडतंय असं वाटतं, हे तिचं मोठं सुख आहे. मोठ्या रस्त्यावर मात्र ओव्हरड्राइव्ह हवाच. ताशी ११० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला जवळपास ३९०० फेरे घेतं. ओव्हरड्राइव्हचा खटका दाबला की ते ३२००च्या आसपास येतात आणि शेजारच्याशी बोलता येतं. बऱ्याच वर्षांपर्यंत हा ओव्हरड्राइव्ह जास्तीचे पैसे देऊन घ्यावा लागे, म्हणून तो सगळ्या गाड्यांत नाही. विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा.

माझदात किल्ली फिरवायची आणि निघायचं. गिअरचा दांडा इतका आखूड आणि नेमका आहे की गिअर बदलायला मनगट पुरतं. इंजिन सात हजार फेऱ्यांपर्यंत आनंदाने चढतं. पावसात मागची चाकं थोडी सुटली तरी तुम्हाला आधीच कळतं, आणि स्टिअरिंगच्या किंचित हालचालीने गाडी सावरते. ० ते १०० किलोमीटरला ती नऊ सेकंदांच्या आसपास घेते. एमजीबीला याहून तीन-चार सेकंद जास्त लागतात. पण सेकंदांपेक्षा महत्त्वाचं हे की रोज सकाळी कामावर जायला, आठवडाभराच्या सहलीला, महामार्गावर पाचशे किलोमीटर तोडायला माझदा कुरकुर न करता तयार असते. चालवणं एवढाच निकष लावला तर या दोघींत स्पर्धाच नाही. माझदाच सरस. एमजीबीवर जीव असलेल्यांनीही हे मान्य करायला हरकत नाही.

पण जुनी गाडी माणूस नुसती चालवत नाही, ती जगवावी लागते. आणि जगवण्याचा सगळा हिशोब पत्र्यापासून सुरू होतो. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स उतरवता येतो. सांगाडा कुजला तर गाडीच संपते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्या खालून खातात. दोन्ही गाड्यांचा घात एकाच जागी होतो, दाराखालच्या सिलमध्ये. घात होण्याची वाट मात्र निराळी.

एमजीबीला टप नाही आणि वेगळी चासीही नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं काम हे दोन सिल करतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये एक उभा पडदा, अशी ती पोकळ पेटी असते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, दाराच्या पुढे साचतो. तिथे ओल धरून राहते आणि पत्रा आतून गळू लागतो. बाहेरून बरीच वर्षं काही दिसत नाही. काही मालक त्यावर लांबी भरून रंग मारतात, काही वरून चकचकीत स्टीलची पट्टी बसवतात. म्हणून बघायला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा, पातळ फडक्यात गुंडाळलेला. सिलच्या खालच्या कडेवरून तो फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा उरलेला नाही. मग मालकाची परवानगी घेऊन गाडी मध्यावर जॅकने किंचित उचला आणि दाराच्या मागच्या फटीकडे बघा. फट कमी-जास्त झाली, किंवा दार उघडताना घासू लागलं, तर गाडी मध्येच वाकते आहे. सिल फक्त रंगाने तगून आहेत. सिल बदलणं हे नुसतं बाहेरचा पत्रा डकवणं नाही. पुढच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, आतला पडदा बघावा लागतो, आणि दार जागेवर लावूनच वेल्डिंग करावं लागतं. नाहीतर गाडी वेडीवाकडी जोडली जाते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. हे काम केलेली गाडी असेल, तर कामाचे फोटो मागा. प्रामाणिक माणूस ते जपून ठेवतोच. मागच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बॉडीला जोडलेली असतात, ती जागाही खाली वाकून बघायची.

माझदाचा सिल पुढून नाही, मागून कुजतो. कापडी हुडावरून ओघळलेलं पाणी आसनांच्या मागच्या पन्हळीत येतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून खाली जातं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या नळ्या पानांच्या कचऱ्याने तुंबतात. मग पाणी सिलमध्ये शिरतं आणि मागच्या चाकाच्या पुढे, जिथे सिल संपतो तिथे, रंगाखाली बारीक फोड दिसू लागतात. फोड दिसला याचा अर्थ आतला पत्रा केव्हाच गेला. आसनामागच्या गालिच्यावर हाताचा तळवा दाबून बघा. ओल लागली तर नळ्या तुंबल्या आहेत. वर्षातून दोनदा लवचिक प्लास्टिकची दोरी आत घालून त्या साफ केल्या असत्या, तर हजारो माझदा आज वाचल्या असत्या. इतकं छोटं काम, पण मालकांना ते सांगितलंच गेलं नाही.

इथवर दोघी सारख्याच. फरक पडतो तो पुढे. एमजीबी अगदीच गेली असेल, तर तिची कोरी बॉडी आजही विकत मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने कारखान्याचे मूळ साचे शोधून काढले आणि १९८८पासून त्यांवर एमजीबीच्या नव्या बॉडी काढायला सुरुवात केली. याखेरीज दाराचं रबर, कार्बोरेटरची सुई, ब्रेकचे पाइप, डॅशबोर्डचे खटके, सगळं टपालाने घरी येतं. अनेक दुकानं केवळ यावरच चालतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा अमुक भाग मिळत नाही म्हणून ती उभी आहे, असं एमजीबीच्या बाबतीत क्वचितच घडतं. भाग साधे आहेत, आणि साधा भाग कुठल्याही कसबी माणसाला पुन्हा घडवता येतो.

माझदाचं तसं नाही. सिलचे पत्रे आणि सस्पेन्शनचे भाग मिळतात, इंजिनाचंही बरंच काही मिळतं. पण वयाबरोबर ठिसूळ झालेली प्लास्टिकची आवरणं, हवा मोजणारा सेन्सर, इंजिनाचा कॉम्प्युटर, विशिष्ट रंगाचं आतलं कापड, यांच्यासाठी भंगारात निघालेल्या दुसऱ्या माझदाचीच वाट बघावी लागते. कंपनीला याची जाणीव झाली आणि २०१७मध्ये जपानमध्ये तिने पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. मूळ प्रकारचे हूड, नार्दीचं लाकडी स्टिअरिंग, त्या काळच्या नक्षीचे ब्रिजस्टोनचे टायर पुन्हा बनवले गेले. हे पाऊल स्तुत्य आहे, आणि बाकीच्या कंपन्यांनी ते गिरवावं. तरीही एमजीबीइतकी दाट सोय माझदाभोवती अजून उभी राहिलेली नाही. तीस-चाळीसचं वय अवघड, असं मी म्हणतो ते यामुळे.

इंजिनांबद्दल थोडक्यात. एमजीबीत तेलाच्या दाबाचा काटा असतो, तो बघा. इंजिन चांगलं तापल्यावर, चालत्या गाडीत तो ५०च्या वर असावा. १ जानेवारी २०००पासून ब्रिटनमध्ये शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं. त्यामुळे हेडमध्ये शिशाशिवाय टिकणारी कठीण व्हॉल्व्ह-सीट बसवली आहे का, हे विचारा. नसेल तर पेट्रोलमध्ये मिश्रण टाकत राहावं लागेल. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीसगनने दर पाच हजार किलोमीटरच्या आत ग्रीस द्यायचं असतं. जो मालक हे करतो त्याची बाकीची गाडीही बहुधा बरी असते. विजेचे बिघाड हा एमजीबीचा बदलौकिक आहे, पण त्यातले बहुतेक अर्थिंगच्या गंजलेल्या जोडांचे असतात. पॉलिश पेपर आणि एक दुपार एवढ्यावर ते सुटतात.

माझदाचं इंजिन दीर्घायुषी आहे. टायमिंग बेल्ट तुटला तरी या इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, ही मोठी निर्धास्ती. एकच सापळा आहे तो १९८९ ते १९९१च्या सुरुवातीपर्यंतच्या १.६च्या गाड्यांत. त्यांच्या क्रँकचं टोक आखूड होतं. बेल्ट बदलताना पुढचा मोठा बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर चावीची खाच झिजते, पुली डुलू लागते आणि शेवटी क्रँकच बाद होतो. ओळख सोपी आहे. बॉनेट उघडून क्रँकच्या पुलीकडे बघा. तिला चार खाचा असतील तर क्रँक जुना, आठ असतील तर सुधारलेला. चार खाचांची गाडी वाईटच असते असं नाही, पण इंजिन चालू करून पुली एका जागी फिरते का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हेडलाइट उघडायची मोटर बंद पडली, तर बॉनेटखाली हाताने फिरवायची मूठ आहे. रात्री अडकायला नको म्हणून ती कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

भारतात हा विषय काढला तर हिशोब लगेच एकतर्फी होतो. जुलै २०२१मध्ये केंद्राने नियम केला, त्यानुसार मूळ रूपात राखलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी, दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. क्रोम बंपरची एमजीबी या वयात बसते. माझदाला तिथे पोहोचायला १९८९पासून मोजली तरी २०३९ उजाडेल, आणि एमएक्स-५ भारतात कंपनीने कधी विकलेलीच नाही. आपल्याकडच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही विचार हवा. कार्बोरेटरच्या जमान्यातल्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि चिरतात. गाडी कुठलीही असो, त्या आधी बदलून घ्यायच्या. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा जुन्या गाड्या जळण्याचा सरळ मार्ग आहे.

तर मग कोणती? गाडी पहिल्यांदाच घेत असाल, हाताशी गॅरेज किंवा सवड नसेल, आणि रविवारी फक्त किल्ली उचलून डोंगराच्या रस्त्याला लागायचं असेल, तर पहिल्या पिढीची माझदा घ्या. लंडनच्या हद्दीत राहत असाल तर मात्र रोजच्या साडेबारा पौंडांचा हिशोब आधी मांडा. १.६ असो वा १.८, इंजिनावर अडून बसू नका. मागच्या चाकापुढचे सिल कोरडे आणि शाबूत असलेली निवडा. तशा गाड्या दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, तेव्हा फार थांबू नका. पण गाडी चालवण्याइतकीच ती उघडण्यात गोडी वाटत असेल, शनिवारची दुपार पाने आणि ग्रीस घेऊन घालवायची तयारी असेल, आणि वीस वर्षांनीही तिचा प्रत्येक भाग मिळेल अशी खात्री हवी असेल, तर एमजीबी घ्या. ती १९६७च्या अखेरीपासून १९७४पर्यंतची, क्रोम बंपरची, ओव्हरड्राइव्ह असलेली, आणि सिल बदलल्याचे फोटो मालकाकडे असलेली. रबरी बंपरची स्वस्त मिळते म्हणून घ्यायला हरकत नाही, मात्र सस्पेन्शन खाली बसवण्याचा खर्च किमतीत धरा. आणि दोघींपैकी जिचा पत्रा सरस, तीच घ्या, मग ती तुमच्या मनातली पहिली नसली तरी चालेल.